दोर नसेल त्यानं घरी जावं

संपादकांचा फोन आला. म्हणाले, "बाई, तुम्ही इतकी वर्षं विहिरीवर उन्हाळी शिबिर घेतलं. अंकासाठी त्याच्या गोड आठवणी लिहून द्या ना." गोड म्हणे! मी म्हटलं, बाबा रे, गोड पाहिजे असेल तर हलवायाकडे जा. माझ्याकडच्या निम्म्या आठवणी भांडणाच्या आहेत आणि उरलेल्या निम्म्या अशा आहेत की त्या आठवल्या की अजूनही डोकं फिरतं. ते हसले. त्यांना वाटलं मी थट्टा करते आहे.

मी पी.टी.ची शिक्षिका. महागाव तालुक्यातल्या एका गावात एकतीस वर्षं नोकरी केली. शाळेत पी.टी.च्या बाईला मान किती, तर गणिताच्या सरांचा धडा राहिला की तास माझा घ्यायचा, आणि पंधरा ऑगस्टला रांग वाकडी झाली की बोल मला लावायचे. वर्षभर मी ते ऐकून घेत असे. कारण परीक्षा आटोपून सुट्ट्या लागल्या की पुढचे दहा दिवस माझे होते. त्या दहा दिवसांत हेडमास्तरसुद्धा मला विचारून पायरी उतरायचे.

शिबिर भरायचं गावाला लागून असलेल्या गणपतरावांच्या विहिरीवर. जुनी, दगडी, पायऱ्यांची विहीर. मे महिन्यातही तिला दोन पुरुष पाणी असायचं. गणपतराव स्वतः कधी पाण्यात उतरले नाहीत, पण विहीर द्यायला त्यांनी कधी नाही म्हटलं नाही. आमच्या बौद्ध मोहल्ल्यातल्या माणसांना माझ्या आजीच्या काळात गावच्या विहिरीत पोहरा टाकू देत नव्हते. माझा बाप पोहायला शिकला तो पूस नदीच्या डोहात, आणि त्यानं मला शिकवलं तेही तिथंच. त्यामुळे गणपतरावांच्या विहिरीत सगळ्या मोहल्ल्यांची, तांड्यावरची पोरं एका पाण्यात उतरतील, एवढी एक गोष्ट मी पहिल्याच वर्षी सांगून टाकली होती. ते म्हणाले, "पाण्याले काय समजते जी?" माणूस भला होता.

विहिरीत पोहायला शिकवणं म्हणजे काय ते जरा सांगते. शहरात निळ्या फरशीची टाकी असते, पाय टेकतात, काठ हाताशी असतो. विहिरीत यातलं काही नाही. पायरी सुटली की खाली नुसतं पाणी. म्हणून सुरुवातीला दोर. तोही अंबाडीचा, पोरांनी स्वतः वळलेला. नायलॉनचा दोर दिसायला देखणा, पण ओला झाला की त्याची गाठ सरकते. अंबाडी ओली झाली की गाठ आणखी आवळते. दोर कमरेला बांधायचा नाही, पोर पाण्यात मधोमध दुमडतं आणि डोकं खाली जातं. छातीला बांधायचा, काखांखालून, गाठ पाठीवर. दुसरं टोक पायरीवर उभ्या असलेल्याच्या हातात. त्यानं दोर मनगटाला गुंडाळायचा नाही, नाहीतर दोघंही आत. कसब खरं त्याचंच. रोज थोडी थोडी ढील द्यायची, आणि ती पाण्यातल्या पोराला कळू द्यायची नाही. आठव्या-नवव्या दिवशी दोर नुसता पाण्यावर तरंगत असतो आणि पोराला वाटतं, वरच्यानं मला धरून ठेवलंय.

आता मी एकटी चाळीस दोर कशी धरणार? त्यातून आमची रीत निघाली, आणि माझं शिबिर ओळखलं जायचं ते त्या रीतीवरून. ज्याला यंदा पोहता आलं त्यानं शेवटच्या दिवशी आपला ओला दोर दुसऱ्या एका पोराच्या गळ्यात घालायचा. सख्ख्या भावाला, बहिणीला द्यायचा नाही. आपल्या मोहल्ल्यात द्यायचा नाही. ज्याला दिला त्याला पुढच्या उन्हाळ्यात पाण्यात उतरवायचं आणि त्याचा दोर आपण धरायचा. शिकलं की सुटलं असं नाही, शिकलं की अडकलं. दोर मिळालेलं पोर तो घरी नेऊन खुंटीला टांगायचं. उंदरांनी कुरतडला तर नवा वळून आणायचा. बायाबापड्या एकमेकींना सांगायच्या, "आमच्या घरी यंदा दोर आला वं." त्या शेवटच्या दिवशी विहिरीवर अख्खं गाव गोळा व्हायचं.

त्यावरून भांडणं काय कमी झाली? एका वर्षी माधुरी नावाच्या आमच्या मोहल्ल्यातल्या पोरीनं एका मोठ्या शेतकऱ्याच्या पोराला दोर दिला. पुढच्या उन्हाळ्यात पहिल्याच दिवशी त्या पोराचा बाप बुलेट घेऊन विहिरीवर हजर.

"बाई, माह्या पोराचा दोर त्या पोट्टीच्या हातात कायले?"

मी म्हटलं, "तिनं निवडलं जी तुमच्या पोराले. आभार माना. एवढं किरकिरं पोट्टं दुसऱ्या कोणी निवडलं नसतं."

"दोर बदला."

"बदलते. तुमी धरा मंग. पोहता येते तुमाले?"

त्याला येत नव्हतं. बाप्पा, काय तोंड झालं होतं त्याचं! तो तिथंच मिशीला हात लावत उभा राहिला. शेवटी पाण्यातून त्याचंच पोरगं ओरडलं, "बाबा, तुमी जा ना घरी! तिचं ध्यान हटून राह्यलं." गडी गेला. पोरगा त्या वर्षी सगळ्यांत आधी शिकला.

आणखी एक नियम होता. दर वर्षी पहिल्या दिवशी मी शिट्टी वाजवून मोठ्यानं सांगायची, "दोर नसेल त्यानं घरी जावं." धरणारे जितके, उतरणारे तितके. त्याच्यावर एकही नाही. रडून दाखवा, आईला घेऊन या, सरपंचाची चिठ्ठी आणा, बाई ऐकणार नाही. एकतीस वर्षांत माझ्या शिबिरात एकाही पोराला दवाखान्यात न्यावं लागलं नाही. याचा मला अभिमान होता. अजून आहे. पण तो नुसता अभिमान राहिलेला नाही, आणि का राहिला नाही ते सांगायलाच मी हे लिहायला बसले आहे.

मग कापसाची ती वाईट वर्षं आली. त्यांच्याबद्दल इतक्यांनी इतकं लिहिलंय की मी त्यात भर घालणार नाही. मला राग आहे तो त्या वर्षांत आमच्याकडे पाहुणे म्हणून आलेल्यांचा. गाड्यांवर गाड्या यायच्या. कॅमेरे, वह्या, फायली. ज्या घरात माणूस गेलंय त्या घरासमोर गाडी थांबायची, बाईला डोक्यावर पदर घेऊन दारात उभी राहायला सांगायचे, पोरं शेजारी उभी करायचे. काम झालं की धुरळा उडवत पुढच्या गावाला. पोरांच्या अंगावरचा धुरळा आम्ही झाडायचा.

आमच्या गावातला देवीदास त्याच वर्षांत गेला. पहाटे लाइन आली म्हणून शेतातली मोटर चालू करायला गेला, आणि उजाडल्यावर तिथल्याच विहिरीत सापडला. पाय घसरला की आणखी काय, कोणी पाहिलं नव्हतं. पण गाडीतून आलेल्या प्रत्येकाला तेवढंच पाहिजे होतं. पडला की उडी घेतली? त्याच्या बायकोला विचारलं, शांताला. शेताचे शेजारी म्हणून गणपतरावांना विचारलं. एका महाभागानं तर शाळेच्या फाटकाशी त्याच्या पोरीला गाठलं. संगीता सहावीत होती. अकरा वर्षांची पोर! मी शिट्टी वाजवत धावले. त्या माणसाला मी जे बोलले ते दिवाळी अंकात छापता येणार नाही.

पण घरी आल्यावर मी स्वतःला जे विचारलं ते वेगळंच होतं. घसरला असेल, तर देवीदास मेला तो पोहता येत नव्हतं म्हणून. आणि त्याला पोहता का येत नव्हतं, हे गावात दुसऱ्या कोणाला नसलं तरी मला ठाऊक होतं.

माझी नोकरीची पहिली वर्षं होती तेव्हा देवीदास बारा-तेरा वर्षांचा असेल. शाळा सोडून गुरं राखायचा. गुरं पाजायला हौदावर यायचा आणि आमची मजा पाहत उभा राहायचा. एका वर्षी पहिल्या दिवशी सदरा काढून रांगेत लागला. मी विचारलं, "दोर कुठाय?" तो म्हणाला, "कोणी देल्ला नाही." मी सांगितलं, "मंग पुढच्या वर्षी ये." पुढच्या वर्षी तो परत आला. परत दोर नव्हता. असणार कुठून? दोर शाळेतली पोरं शाळेतल्या पोरांना देत. गुराख्याला कोण देणार? एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. मी परत तेच वाक्य म्हटलं. त्यानं सदरा अंगात घातला आणि गुरांमागे गेला. तिसऱ्या वर्षी तो आला नाही, आणि मलाही त्याची आठवण झाली नाही.

हे मी त्या वेळी कोणालाही सांगितलं नाही. शांतालाही नाही.

संगीताच्या गळ्यात आदल्याच उन्हाळ्यात तांड्यावरच्या कमलनं दोर घातला होता. म्हणजे त्या मे महिन्यात उतरायची पाळी तिची. आणि नेमका त्याच वर्षी वरच्या एका कार्यालयातून शाळेला कागद आला. परिस्थिती संवेदनशील असल्यानं विहिरी, तलाव अशा ठिकाणी मुलांचे कोणतेही उपक्रम घेऊ नयेत. खाली सही, शिक्का. अरे वा! माणसं विहिरीत मरून राहिलीत, म्हणून पोरांना पोहायला शिकवू नका! असली अक्कल कोणत्या दुकानात मिळते ते मला एकदा बघायचंय. हेडमास्तर बिचारे घाबरले. म्हणाले, "बाई, माझी तीन वर्षं राहिली आहेत हो." मी म्हटलं, "सर, शाळेचं नाव नाही लावत. सुट्टी माझी, शिट्टी माझी. तुम्ही फक्त विहिरीकडे फिरकू नका."

त्यात भर म्हणून शहरातल्या एका संस्थेनं आमच्याच शाळेच्या हॉलमध्ये शिबिर ठरवलं. मनोबल वाढवण्याचं. बॅनर, नारिंगी टी-शर्ट, बिस्किटं, सगळं गाडीतून आलं. आलेली पोरं-पोरी वाईट नव्हती, पण त्यांच्या हातात एक यादी होती. मला म्हणाले, "मॅडम, ज्या मुलांचे वडील गेले आहेत त्यांना पुढच्या रांगेत घ्या, फोटोत यायला हवीत." मी घेतलं नाही. त्यांनी घेतलं. मग चित्रकलेचा तास. विषय काय असेल? 'माझे बाबा'!

बाकीच्या पोरांनी मिशा काढल्या, बैलगाड्या काढल्या. संगीता कोऱ्या कागदाकडे बघत बसली होती. एक ताई माईक घेऊन तिच्यासमोर वाकली. "बाळा, बाबांना तुला काय सांगावंसं वाटतं? मोकळेपणानं बोल."

मी उठले आणि तिच्या हातातला माईक घेतला. म्हटलं, "तिला काही सांगायचं नाही. तुम्हाला काय ऐकायचंय ते मला सांगा."

एक तरुण पुढे आला. "मॅडम, मुलांनी व्यक्त व्हायला पाहिजे."

"व्यक्त? पोरीनं तुमच्या कॅमेऱ्यासमोर रडायला पाहिजे, असं सरळ सांग ना बाबा. बेचाळीस डिग्रीत पत्र्याखाली बसवून व्यक्त काय करता? पोरायले उन्हाळ्यात पोहाचं असते!" मग पोरांकडे वळून मी ओरडले, "ज्याच्या घरी दोर हाये त्यानं उठा!"

जवळजवळ अख्खा हॉल उठला. नारिंगी टी-शर्ट घातलेली वरात माझ्यामागे विहिरीकडे निघाली. हेडमास्तर शब्दाला जागले, ते त्या दिवशी घराबाहेरच पडले नाहीत.

वरातीत संगीता नव्हती. ती घरी गेली होती. मी तिच्या घरी गेले. दोर खुंटीला होता. शांता सुपात तुरीची डाळ निवडत बसली होती, हातातलं काम तिनं थांबवलं नाही.

"बाई, तुमी कायले आल्या? माह्या पोरीले इहिरीत टाकाले?"

"शिकवाले आली. पाळी हाये तिची."

"त्या पाण्याचं नाव नका घेऊ माह्या घरात."

मी समजावलं. तिनं ऐकलं नाही. मग माझा पारा चढला. मी त्या बाईवर ओरडले. म्हटलं, "पाणी कुठं जाणार हाये का गावातून? पोरगी जन्मभर इहिरीले घाबरून पाणी भरन का?" नवरा जाऊन तिला वर्षही झालं नव्हतं, आणि मी तिच्याच घरात तिच्यावर आवाज चढवत होते. आज लाज वाटते. पण तेव्हाचा माझा सगळा राग तिच्यावर नव्हताच, तो माझ्यावर होता आणि त्याला बाहेर पडायला दुसरी वाट नव्हती.

शांतानं उठून खुंटीवरचा दोर काढला. मग म्हणाली, "येते घेऊन. पण दोर मी धरीन."

"रीत नाही तशी. दोर कमल धरते."

"मंग कमलच्या मांगं मी धरीन."

मी मान्य केलं. दुसऱ्या दिवसापासून विहिरीवर असं दिसायचं: पाण्यात संगीता, पायरीवर कमल, आणि कमलच्या मागे दोन पायऱ्या वर दोराचं शेपूट दोन्ही हातांनी धरून बसलेली शांता. नको नको सांगूनही ती दोर मनगटाला गुंडाळायची. विहिरीत एकदाही डोकावली नाही. तिची नजर फक्त दोरावर. दोर हलला की तिचा जीव वरखाली व्हायचा.

आठव्या दिवशी संगीता पोहू लागली होती. कमल ढील द्यायला बघायची, पण मागून शांतानं दोर ताणून धरलेला. पोरगी अर्धा गोल फिरायची आणि हिसका बसून परत काठाला यायची. मी म्हटलं, "शांताबाई, सोडा." नाही सोडला. दोनदा, तीनदा सांगितलं. शेवटी पाण्यातून संगीताच ओरडली, "आई, काखेत काचून राह्यला ना वं! सोड ना!"

शांतानं मनगटाचे वेढे एकेक करून उलगडले आणि दोर दगडावर ठेवला. मग पहिल्यांदा तिनं विहिरीत पाहिलं. पोरगी पाण्यात गोल गोल फिरत होती, कमलला हाका मारत होती, हसत होती. शांता पाहतच राहिली. मला वाटलं, आता रडेल. ती रडली नाही. माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "एवढंच होतं का, बाई? आठ दिवसाचं?"

मी शिट्टी वाजवली आणि पुढच्या जोडीला बोलावलं.

नंतरही शिबिर चाललं. कागद येत राहिले, मी घडी घालून ठेवत राहिले. मग मी रिटायर झाले आणि पुसदला मुलाकडे राहायला गेले. माझ्या जागी आलेल्या सरांना मी सगळं समजावून सांगायला गेले होते. दोर कसा वळायचा, गाठ कुठं, जोड्या कशा. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "मॅडम, रिस्क कोण घेणार? मी त्याऐवजी ऑनलाइन योगा ठेवतो." ऑनलाइन! तीन उन्हाळे विहिरीत एकही पोर उतरलं नाही. ज्यांच्या घरी दोर होते ती पोरं मोठी होऊन पुण्याला, नागपूरला निघून गेली. बोरवेल झाल्यामुळे विहिरीवर कोणी जाईना. मी मुलाच्या घरी बसून चडफडायची. सून म्हणायची, "आई, बी.पी. वाढेल." वाढू दे म्हटलं!

तीन वर्षांनी संगीता मला भेटायला आली. डी.एड. झालेली, नोकरी नाही, गावातच शिकवण्या घेते आणि शिवणकाम करते. लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली होती, पण आई एकटी नको म्हणून नवऱ्याला घेऊन परत आलेली. म्हणाली, "बाई, शिबिर मी चालू करतो. तुमी आशीर्वाद द्या." आमच्याकडच्या पोरी बोलताना असंच 'करतो' म्हणतात. मी आशीर्वाद दिला, शिट्टी दिली, आणि अर्धा तास बसवून सगळे नियम म्हणून घेतले. दोर नसेल त्यानं घरी जावं, हेही. तिनं मान डोलावली. मला वाटलं ती हो म्हणाली.

शिबिराच्या तिसऱ्या दिवशी मी पुसदहून पहिल्या एस.टी.नं गावात उतरले. विहिरीवर पोचले आणि माझा डोळ्यांवर विश्वास बसेना. जत्रा! पोरं होतीच, पण गाऊनवर ओढण्या बांधलेल्या बाया होत्या. लुंगी गुडघ्यावर घेतलेले बाप्ये होते. तांड्यावरची एक म्हातारी पायरीवर दोर धरून बसली होती. रांगेत कोणाकडे दोर, कोणाकडे नाही. मी सगळ्यांदेखत ओरडले, "संगीता! हे काय लावलंय?"

ती पदर खोचून वर आली. "या बाई, बसा."

"बसा काय! यांना दोर कोणी दिला?"

"काहीले भेटला. काही तसेच आले."

"तसेच आले त्यांना घरी धाड."

"मी कोणाले घरी नाही धाडत."

मी तिला नियम सांगितला. का केला तेही सांगितलं. धरणारे जितके, उतरणारे तितके, म्हणून एकतीस वर्षांत एकही पोर दवाखान्यात गेलं नाही. मी बरंच बोलले. शिस्त, जबाबदारी, माझं नाव. बाया खाली माना घालून ऐकत होत्या. संगीतानं मला बोलू दिलं.

मग म्हणाली, "बाई, मी दोर देण्याची रीत ठेवली हाये. धरणारे जितके, उतरणारे तितके, तेही ठेवलं हाये. मोजून पाहा. फक्त तुमी उतरणारे कमी करत होत्या. मी धरणारे वाढवले. ज्याले पोहता येत नाही तोही दोर धरू शकते. माह्या आईनं धरलता ना?"

मी पाहिलं. पाण्यात जितकी डोकी, तितकेच पायरीवर हात. एकाच्याही मनगटाला दोर गुंडाळलेला नाही. एकतीस वर्षं मी शिकवत होते आणि ही एवढी गोष्ट मला सुचली नव्हती. माणसाला संताप यावा तर कोणाचा यावा?

मी तिला बाजूला घेतलं. म्हटलं, "संगीता, एक गोष्ट आहे. तुझ्या बाबांना मी..."

"मालूम हाये," ती म्हणाली. "दोनदा आलते. दोनदा तुमी परत धाडलं. बाबा सांगत जाय. हसून सांगे. मी लहान असल्यापासून मालूम हाये."

"अन् तुझ्या आईला?"

"तिलेही."

मी पायरीवर बसले. "मग तू माझ्याकडे काहून शिकली गं?"

ती मला टोचून बोलत नव्हती, खरंच आठवून सांगत होती. "गावात दुसरं कोण शिकवत होतं, बाई?"

एवढं बोलून ती खाली गेली, कारण कोणाची तरी गाठ सैल दिसत होती. मी तिथंच बसून राहिले. दुपारची एस.टी. गेली. संध्याकाळी संगीता माझ्याजवळ आली आणि विचारलं, "उद्या येता का? ते तसेच आलेले बहुत झाले. माह्या एकटीच्यानं होत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी विहिरीवर होते. तिनं माझ्याकडे ज्यांना कोणी दोर दिला नव्हता त्यांची रांग दिली. पोरं होती, बाया होत्या. सगळ्यांत मागे पांढऱ्या मिशांचा एक माणूस बनियनवर उभा होता. मी त्याला ओळखलं. देवीदाससोबत गुरं राखायचा. माझ्या हातातला दोर बघून तो एक पाऊल मागे सरकला.

"लय उशीर झाला का हो, बाई?"

"झाला," मी म्हटलं. "माझ्यामुळे झाला. हात वर करा, दोर बांधू द्या."